राणीच्या घरी सहा पाहुणे

‘आजी, क्वीन शूला कुठे जायची?’

माझ्या भाचीने, वय वर्षं चार, हा प्रश्न विचारला तो थेट व्हिक्टोरिया राणीच्या बेडरूममध्ये. तोही खणखणीत आवाजात. २२ जानेवारी १९०१ ला राणी गेली ती याच खोलीत. आजूबाजूची इंग्लिश मंडळी गाभाऱ्यात उभं राहावं तशी हात बांधून उभी होती. ताईने डोळे वटारले. भाऊजी आपण या कुटुंबातले नाहीच अशा चेहऱ्याने छताकडे बघायला लागले. आणि माझी आई म्हणाली, ‘ओरडू नकोस तिला. बरोबर विचारतेय ती. कुणाचंही घर बघायचं तर आधी मोरी बघावी.’

आईचं हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं. दुपारी ते मला महागात पडलं.

तर हे घर म्हणजे ऑस्बोर्न हाउस. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथे राणी आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये जागा घेतली आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन राहायला घर बांधलं. लंडनचा राजवाडा होता, विंडसरचा किल्ला होता. पण ती पडली सरकारी घरं. क्वार्टर्सच म्हणा ना! हे मात्र स्वतःच्या पैशातून घेतलेलं. आपल्याकडे लोक लोणावळ्याला बंगला बांधतात, त्यातलाच प्रकार. फक्त या बंगल्याला दोन मनोरे आहेत, समोर कारंजी आहेत आणि खाली स्वतःचा समुद्रकिनारा आहे.

ताई साउदॅम्प्टनला राहते. तिथून मोटारीसकट फेरीत चढायचं, तासाभरात पलीकडे ईस्ट काउज. मग गाडीने अगदी दहा मिनिटं. शनिवार, कडक ऊन (म्हणजे आपल्याकडची पुण्यातली जानेवारीतली दुपार), सगळे खुशीत. आई, ताई, भाऊजी, आठ वर्षांचा बंड्या, चार वर्षांची चिऊ आणि मी.

तिकडे ‘फॅमिली डे आउट’ हे एक प्रकरण असतं. वीकेंड आला की लहान मुलं असलेलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या जुन्या हवेलीकडे निघतं. विसाव्या शतकात तिकडच्या बऱ्याच सरदारांना ही घरं परवडेनाशी झाली. वारसा कर, नोकरांचे पगार, गळकी छपरं. मग घर एखाद्या संस्थेच्या नावाने करून द्यायचं. नॅशनल ट्रस्टने तर १९३७ पासून त्यासाठी वेगळी योजनाच चालवली. ऑस्बोर्न सांभाळते ती इंग्लिश हेरिटेज. गंमत म्हणजे या घरांत मुलांना नुसतं ‘आत घेत’ नाहीत, मुलांसाठीच घर मांडून ठेवतात. हिरवळीवर लोळा, झाडावर चढा, भुकेने रडलात तर शेजारीच कॅफे.

मला आठवली ती शाळेची सहल. दोन-दोनची रांग, ‘कशालाही हात लावायचा नाही’ आणि बसमध्ये ओकणारी एक मुलगी. (मीच ती.)

माझ्या सॅकमध्ये त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या होत्या, चिऊचे जादा कपडे होते, आईने पहाटे केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या आणि एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आमच्या वाड्याचे कागद होते.

आता वाड्याबद्दल. वाईपासून थोडं आत आमचं गाव. तिथे पणजोबांनी बांधलेला चौकाचा वाडा आहे. बाबा आणि त्यांचे तीन भाऊ असे चार वाटे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांच्या वाट्याला आता आम्ही तिघी. वाडा सहा वर्षं कुलपात आहे. मागची भिंत पावसात बसलीय. आणि आता एक गिऱ्हाईक आलंय. बिल्डर नाही हं! त्या माणसाला तिथे ‘हेरिटेज स्टे’ काढायचाय. चुलीवरचं जेवण, अंगणात झोपाळा, मुलांना विहीर दाखवायची. म्हणजे उद्या तुम्ही-आम्ही शनिवारी पैसे भरून तिथे जाणार. तिन्ही काकांच्या सह्या झाल्यात. आईची झालीय. माझीही झालीय, आणि उगाच खोटं कशाला बोलू, ती मी दोन मिनिटांत केली. फ्रीलान्स पत्रकाराला बँक होम लोन देताना ज्या नजरेने बघते ती ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल. डाउन पेमेंट माझ्या डोळ्यांसमोर नाचत होतं.

राहिली ताई. तिने तिकडे बसून कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं होतं. फोनवर ती दर वेळी ‘बघू गं’ म्हणायची. म्हणून मी कागद घेऊन गेले. जाऊन आठ दिवस झाले होते आणि फोल्डर सॅकमधून बाहेर आला नव्हता.

ऑस्बोर्नच्या खोल्या बघताना पहिला धक्का बसला तो चिऊला. दिवाणखान्यात काचेच्या घुमटाखाली संगमरवरी हात आणि पाय ठेवलेत. तान्ह्या बाळांचे. गुबगुबीत, मनगटाला वळ्या असलेले, आणि मनगटापाशीच संपणारे. राणीने आपल्या मुलांच्या हातापायांची ही शिल्पं मेरी थॉर्निक्रॉफ्ट नावाच्या शिल्पकार बाईकडून करून घेतली होती. ‘बाकीचं बाळ कुठे गेलं?’ चिऊने विचारलं. कुणाकडेच उत्तर नव्हतं. आई मात्र बराच वेळ बघत राहिली. ‘फोटो नव्हते ना तेव्हा घरोघरी,’ ती म्हणाली. ‘पोरं मोठी झाली की हे हात कुठे आठवायला!’

वरच्या मजल्यावर नर्सरी आहे. पाळणे, बुटक्या खुर्च्या, खेळणी. राणीला नऊ मुलं. थोरली १८४० ची, धाकटी १८५७ ची. त्या काळात राजघराण्यातली मुलं आईबापांपासून दूर वाढायची. इथे ती वरच्याच मजल्यावर होती. राणी आणि अल्बर्टची बसायची खोली तर मला फारच आवडली. दोघांची लिहायची टेबलं शेजारी-शेजारी. नवराबायकोचं वर्क फ्रॉम होम!

१८६१ मध्ये अल्बर्ट गेला. बेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर राणीने त्याच्या खोल्या होत्या तशा ठेवल्या. काही हलवायचं नाही. ती पुढे चाळीस वर्षं जगली आणि चाळीस वर्षं काळेच कपडे घातले. बंड्या हे सगळं माहितीफलकावरून मोठ्याने वाचून दाखवत होता आणि मी आईकडे बघायचं टाळत होते. बाबांचे शर्ट डोंबिवलीच्या कपाटात अजून हँगरला आहेत. दर महिन्याला आई ते धुऊन, इस्त्री करून परत लावते. याबद्दल आम्ही कधी बोलत नाही.

‘चाळीस वर्षं?’ आईने विचारलं. ‘हो.’ ‘नोकर होते म्हणून जमलं,’ ती म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली.

तर अशा रीतीने आम्ही राणीच्या बेडरूममध्ये पोचलो आणि चिऊने तो प्रश्न विचारला. उत्तरही मिळालं. खोलीत राखणीला बसलेले एक आजोबा हसले आणि आम्हाला राणीच्या ड्रेसिंग रूमकडे बोट दाखवलं. तिथे कपाटासारख्या कोनाड्यांत बाथटब आणि शॉवर आहे. त्या काळात नळाचं पाणी खोलीत! आई खूश. आजोबाही खूश, कारण इतक्या रसिकपणे कुणी न्हाणीघर बघितलं नसावं. मग ते बोलायलाच लागले.

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. राणीने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की हे घर कुटुंबातच राहावं. तिचा जीव होता या घरावर. पण थोरला मुलगा, सातवा एडवर्ड, त्याला हे घर नको होतं. बाकीच्या भावंडांनाही एवढं अवजड घर गळ्यात घ्यायचं नव्हतं. शेवटी १९०२ मध्ये, आपल्या राज्याभिषेकाच्या वेळी, एडवर्डने घर देशाला भेट देऊन टाकलं. मग इथे नौदलाच्या मुलांचं कॉलेज आलं, आजारी अधिकाऱ्यांचं विश्रांतिगृह आलं. राणीच्या खासगी खोल्या तेवढ्या बंद ठेवल्या. त्या लोकांसाठी उघडल्या थेट १९५४ मध्ये.

हा एडवर्ड म्हणजे आपल्या केईएममधला ‘के.ई.’ बरं का. काळा घोडा ज्याच्या बुडाखाली होता तोच. घोडा आणि तो, दोघंही आता राणीच्या बागेत आहेत.

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. ती थांबली. ‘म्हणजे राणीच्या पोरांनाही नको होतं?’

‘नाही.’

‘नऊ पोरं होती ना?’

‘हो.’

आणि आई हसली. नुसतं स्मित नाही, पदर तोंडाला लावून, खांदे हलवून हसली. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे. आम्हाला दोघींनाही त्या हसण्याचा अर्थ लागला नाही.

मग दरबार रूम. इथे मात्र आपण सगळे एकदम घरी येतो. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भिंतभर हिंदुस्थानी चेहरे. राणी स्वतः कधी भारतात आली नाही. तिने रुडॉल्फ स्वोबोडा नावाच्या चित्रकाराला पाठवून माणसं रंगवून घेतली. सैनिक, विणकर, कुंभार. त्यात आग्र्याचा बक्षीराम कुंभार आहे, वय १०२. लंडनच्या १८८६ च्या प्रदर्शनात कारागिरी दाखवायला त्याला आणलं होतं. आणि बरोबरचे कारागीर आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. लहानपणीच राज्य गेलेला महाराजा दुलीपसिंग इथे तरुणपणीच्या थाटात उभा आहे. हिऱ्यामोत्यांनी मढलेला. राणीचा मुन्शी अब्दुल करीमही आहे. २०१७ च्या सिनेमात ज्युडी डेंच ज्याच्याकडून उर्दू शिकते तोच, आणि त्यातलं काही शूटिंगही इथेच झालंय. राणी गेल्यावर तिच्या मुलाने त्यांचा पत्रव्यवहार जाळायला लावला. हे कॉरिडॉर मी भरभर ओलांडू शकले नाही. आपली माणसं भिंतीवर अशी शांतपणे टांगलेली असतात, तेव्हा नक्की काय वाटायला हवं ते कळत नाही. अभिमान? राग? बंड्याने विचारलं, ‘मावशी, हे सगळे इथे का आलेत?’ मी म्हटलं, ‘राणीने बोलावलं म्हणून.’ हे उत्तर अर्धंच होतं.

दरबार रूम १८९०-९१ मधली. भिंतींवर, छतावर सगळीकडे पांढरं शुभ्र नक्षीकाम, फायरप्लेसच्या वर पिसारा फुलवलेला भलाथोरला मोर. हे केलं लाहोरच्या भाई रामसिंग या कारागिराने. त्याला पाठवणारे त्याचे गुरू लॉकवुड किपलिंग म्हणजे रुडयार्डचे वडील. ते लाहोरला जायच्या आधी दहा वर्षं मुंबईत जे. जे.ला शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांचीच. आता पुढच्या वेळी फळं घ्यायला गेलात तर मान वर करा.

मी हे सगळं रंगात येऊन सांगत होते. आई छताकडे बघून म्हणाली, ‘आपल्या डोंबिवलीच्या मंगल कार्यालयात पीओपी केलंय, अगदी तसंच.’ भाऊजींना ठसका लागला.

जेवण हिरवळीवर. पुऱ्या, लोणचं, शिवाय कॅफेतून आणलेले स्कोन आणि क्रीम. चिऊने पुरीला क्रीम लावलं. ‘साय आहे ती,’ आई म्हणाली, ‘खाऊ दे.’

घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर स्विस कॉटेज आहे. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही मधे दोनदा टेकलो. आता, मुलांना घेऊन ऑस्बोर्नला जाण्याचं खरं कारण हेच. अल्बर्टने मुलांसाठी हे लाकडी घर उभारलं, १८५४ मध्ये पुरं झालं. मुलांच्या मापाचं, मुलांच्या मालकीचं. बाहेर प्रत्येक मुलाला बागेचा आपापला तुकडा. कांदे, बटाटे, वाटाणे, फुलं. प्रत्येकाची छोटी ढकलगाडी, छोटं फावडं, त्यावर आपापल्या नावाची आद्याक्षरं. त्या ढकलगाड्या अजून तिथे रांगेत उभ्या आहेत. भाजी नीट आली की बाप ती बाजारभावाने विकत घ्यायचा! बंड्या या व्यवहारावर बेहद्द खूश. भाऊजींशी त्याने तिथल्या तिथे पुदिन्याचा करार केला.

जवळच मुलांचा मातीचा किल्ला आहे. तो बांधण्यात तिसरा मुलगा आर्थर पुढे. हाच मोठेपणी ड्यूक ऑफ कॅनॉट झाला आणि १८८६ ते १८९० बॉम्बे आर्मीचा सरसेनापती होता. दिल्लीचं कॅनॉट प्लेस त्याच्याच नावाचं. किल्ल्यात लुटुपुटुची लढाई खेळलेलं पोरगं आपल्याकडे येऊन खरं सैन्य सांभाळत होतं. तर असो. बंड्याला खेळणारा आर्थर तेवढा कळला आणि तो किल्ल्याकडे पळाला.

कॉटेजच्या आत स्वयंपाकघर आहे. टाइल्सची भिंत, चूल, तांब्याची भांडी. सगळं छोटं. इथे राजकन्या केक, पेस्ट्री करायला शिकायच्या आणि आईबापांना बोलावून खाऊ घालायच्या. किराणा मालाचं खेळण्यातलं दुकानही आहे. हिशोब यावा म्हणून.

ताई विरघळली. अगदी डोळ्यांत पाणी. ‘बघ ना,’ ती मला म्हणाली, ‘घर म्हणजे हे. दीडशे वर्षं झाली, पण पोरं अजून येतायत. आणि आपण काय करतोय? मुलांनी वाडा नीट पाहिलाही नाही आणि आपण विकतोय. तुला काही वाटत नाही?’

झालं! आठ दिवस सॅकमध्ये असलेला विषय राजकन्यांच्या चुलीपुढे बाहेर आला. मी हळू आवाजात म्हटलं, ‘वाटतं. पण भिंत पडलीय. पैसे कोण घालणार? तू?’

‘घालेन!’

‘आणि राहील कोण?’

‘विषय राहायचा नाहीये. आईचा विचार केलास? तिचं अख्खं आयुष्य त्या घरात आहे. बाबा तिथले. तू तिची सही घेतलीस, विचारलंस का तिला?’

खरं सांगते, नव्हतं विचारलं. म्हणजे ‘आई, इथे सही’ एवढंच. तिला वाईट वाटेल म्हणून मी विषयच वाढवला नव्हता. मी फक्त पानं उलटत गेले आणि ती सही करत गेली.

‘मला विचारा की,’ आई मागून म्हणाली. ‘मी इथेच आहे.’

ती दोरीपलीकडच्या त्या छोट्या चुलीकडे बघत होती. ‘हौसेची चूल आहे ही,’ ती म्हणाली. ‘दमलं की पोरींनी पळत मोठ्या घरी जायचं. मागचं आवरायला बाया असणार.’ मग ताईकडे वळली. ‘तू अंगणात झोपायचीस ना, चांदण्या मोजत? त्या गाद्या कोण घालायचं? आणि दव पडायच्या आत कोण उचलायचं? मे महिन्यात पंचवीस माणसं असायची. पहिला चहा पाचला. चुलीवर. मला अजून धूर लागला की डावा डोळा चुरचुरतो. आणि मोरी कुठे होती आठवतंय? चौक ओलांडून, गोठ्याच्या मागे. तू पोटात होतीस तेव्हा पावसात रात्री कंदील घेऊन जायचे मी. महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत, गोणपाटावर.’

आवाज चढलेला नव्हता. इसाब-किताब सांगावा तसं सांगत होती. शेजारच्या इंग्लिश बाईला काही कळत नव्हतं, पण तीही थबकली होती.

ताई म्हणाली, ‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘तुझे बाबा होते ना. त्यांना आवडायचा वाडा.’

‘आणि आता?’

‘आता ते नाहीत,’ आई म्हणाली. ‘मला त्या वाड्यात झाडू मारायचा नाहीये. त्या माणसाला चुलीवरचं जेवण विकायचंय ना? विकू दे. फक्त त्याला सांगा, मोरी आत बांध.’

मी गप्प. ताई गप्प. आम्ही दोघींनी एकमेकींशी भांडायला आईची बाजू घेतली होती. ताईची आई म्हणजे वाड्यात जीव अडकलेली, माझी आई म्हणजे समजावून सांगावं लागणारी. दोन्ही आया आमच्या आम्हीच बनवल्या होत्या. तेवढ्यात चिऊ तिथल्या खेळातला एप्रन घालून आली आणि तिने सगळ्यांना हवेतला केक वाढला. आईने तो मन लावून खाल्ला. ‘साखर जरा कमी आहे,’ म्हणाली.

नंतर आम्ही किनाऱ्यावर गेलो. हा राणीचा खासगी किनारा. सगळ्यांसाठी खुला झाला २०१२ मध्ये. तिथे राणीची ‘बेदिंग मशीन’ आहे. मशीन कसली, चाकांवरची लाकडी खोली. राणी आत बसायची, खोली उतारावरून पाण्यात सोडायची, आत कपडे बदलून राणी कुणाला न दिसता समुद्रात. १८४७ मध्ये ती पहिल्यांदा अशी डुंबली. राणी गेल्यावर याच खोलीत कोंबड्या पाळल्या होत्या. हे ऐकून आई परत हसली. मग चपला काढून, साडी पोटऱ्यांपर्यंत उचलून ती पाण्यात गेली. पाणी बर्फासारखं. मी दोन सेकंदांत बाहेर. ती चांगली दहा मिनिटं उभी होती, बंड्याचा हात धरून, पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत.

ताई माझ्याशेजारी वाळूत बसली. ‘मला दे ते कागद,’ म्हणाली. मी दिले. तिने पहिलं पान वाचलं, बाबांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलंय तिथे अंगठा ठेवला आणि फोल्डर मिटला. ‘डिसेंबरात येते,’ ती म्हणाली. ‘मुलांना एकदा दाखवते. मग करते. चालेल?’

गिऱ्हाईक डिसेंबरपर्यंत थांबेल का, मला माहीत नव्हतं. माझं डाउन पेमेंट तर नक्कीच थांबणार होतं. मी ‘चालेल’ म्हटलं. काही वेळा माणूस खरंच शहाण्यासारखं वागतं, किंवा नुसतं दमलेलं असतं.

परतीच्या फेरीत चिऊ झोपली. भाऊजीही झोपले. बंड्या मात्र आजीला चिकटून बसला होता.

‘आजी, आपल्या वाड्यात व्हीलबॅरो आहे?’

‘पाटी आहे. फावडं आहे.’

‘त्याच्यावर नाव आहे?’

‘त्याच्यावर नाही. भांड्यांवर आहे. तुझ्या पणजोबांचं. आणि काही माझ्या नावाची. लग्नात मिळालेली.’

‘ती पण विकणार?’

आईने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. कागदांत भिंती होत्या, चौक होता, विहिरीतला वाटा होता. भांड्यांचा शब्द नव्हता.

‘घंगाळ मी घेणार,’ आई म्हणाली. ‘पाण्याचा बंब कुणालाच नको असेल, पण असू दे. दोन पराती. मोठा हंडा, त्याला पोचा आलाय. तो कल्हईचा टोप...’

ताईने मोबाइल काढला आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. साउदॅम्प्टनचे दिवे दिसायला लागले तेव्हा यादी एकवीसवर गेली होती आणि आई अजून माजघरातच होती.